फ्लशची टाकी आपोआप भरते, दोन नळ ठिबकतात, गीझरचा व्हॉल्व्हही ठिबकतो. सगळं बदलायलाच हवं का?

निळी_बादली

पुण्यातला फ्लॅट, सात मजली इमारतीत सहावा मजला, बांधकाम बाराएक वर्षांचं. पाणी मनपाचं, बोअरचं आणि उन्हाळ्यात टँकरचं, सगळं गच्चीवरच्या एकाच टाकीत. सध्या चार तक्रारी आहेत:

१) कमोडमागची दोन बटणांची फ्लशची टाकी. कोणी वापरली नसली तरी दर दहा-पंधरा मिनिटांनी भरल्याचा आवाज येतो आणि मग थांबतो.
२) बेसिनचा अर्ध्या फेऱ्यात उघडणारा नळ बंद केला तरी थेंब पडत राहतात.
३) बाथरूममधला जुना, फेरे मारून बंद करायचा नळ फार जोर लावल्याशिवाय बंद होत नाही, तरी ठिबकतो.
४) गीझर सुरू असताना त्याच्या खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. 15 लिटरचा आहे.

प्लंबर म्हणतात टाकीचा आतला पूर्ण सेट, दोन्ही नळ आणि गीझरचा व्हॉल्व्ह बदला. यातलं घरी काय करता येईल? पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर आहे.

पाना_नंबर_बारा

आधी टाकी घ्या, कारण सर्वांत जास्त पाणी तिथूनच जातंय आणि तुमच्या वर्णनातच अर्धं निदान आहे. टाकीला गळायला दोनच वाटा असतात. पाणी भरणारा व्हॉल्व्ह नीट बंद होत नसेल तर पातळी चढत जाऊन ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये सतत बारीक धार पडत राहते आणि आवाजही सतत येतो. तुमच्याकडे आवाज येतो आणि थांबतो. म्हणजे भरणारा व्हॉल्व्ह शाबूत आहे. पाणी तळाच्या सीलमधून झिरपतंय, पातळी थोडी उतरली की फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) खाली येतो आणि पुन्हा भरणं सुरू होतं.

खात्री करायची असेल तर झाकण काढून टाकीत कपड्यांची नीळ पाच-सहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमधलं पाणी निळं झालं तर सील गेलं. हळद घालू नका, प्लास्टिकवर डाग राहतो. किती पाणी जातंय ते मोजायचं तर अँगल कॉक (टाकीचं पाणी बंद करायचा भिंतीजवळचा छोटा कॉक) बंद करून पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि अर्धा तास थांबा. टाकी आतून 35 बाय 15 सेंमी धरली तर पातळी 1 सेंमी उतरणं म्हणजे अर्धा लिटर. हाच वेग दिवसभर धरला तर 25 लिटर.

आता काम. अँगल कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा. झाकण बटणाच्या रिंगने धरलेलं असतं. काही मॉडेलांत रिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, काहींत एक बटण दाबून धरलं की खाली स्क्रू दिसतो. झाकण सिरॅमिकचं असेल तर टॉवेलवर आडवं ठेवा, भिंतीला टेकवून उभं करू नका. मधला उभा दांडा म्हणजे फ्लश व्हॉल्व्ह. तो खालून धरून उलट दिशेने पाव फेरा दिला की खाचेतून सुटतो आणि वर उचलता येतो. त्याच्या बुडाशी रबराची चपटी रिंग दिसेल, तीच सील. बहुतेक वेळा ती कडक झालेली असते, कडेला चिरा असतात किंवा ती जिथे टेकते त्या कडेचा गोल ठसा तिच्यात खोल उमटलेला असतो.

नवी रिंग टाकण्याआधी टाकीच्या तळाची सीट, म्हणजे रिंग जिथे बसते ती गोल कड, बोटाने पूर्ण फिरवून तपासा. बोअरचं पाणी असेल तर तिथे क्षाराचे खरखरीत ठिपके सापडतातच. नवी रिंग टाकूनही गळतं अशी जी तक्रार असते तिचं कारण नव्वद टक्के हेच. सुरीने खरवडू नका, प्लास्टिकच्या कडेवर एक ओरखडा पडला की सीट कायमची गेली. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवा (किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं), त्यात भिजवलेलं फडकं त्या कडेवर अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.

जुनी रिंग सोबत घेऊन दुकानात जा. नुसतं कंपनीचं नाव सांगून चालत नाही, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची रिंग वेगळी असते. बाहेरचा व्यास, आतलं भोक आणि जाडी तिन्ही जुळलं पाहिजे. दुकान बंद असेल तर तोवर जुनी रिंग उलटी करून बसवा, काही दिवस निभावते.

डक्टवाला

वरच्यात एक भर. रिंग चांगली असूनही टाकी गळण्याचं दुसरं कारण म्हणजे बटणाखालचे दोन दांडे. ते आट्यांवर लांब-आखूड करता येतात. प्रमाणाबाहेर लांब असतील तर झाकण बसवल्यावर बटण सतत किंचित दाबलेलं राहतं, व्हॉल्व्ह केसभर उचललेला राहतो आणि पाणी झिरपतं. झाकण काढून ठेवल्यावर गळती थांबत असेल तर दोष दांड्यांचाच. झाकण लावल्यावर बटण 2-3 मिमी मोकळं हललं पाहिजे.

झाकण उघडलंच आहे तर भरणाऱ्या व्हॉल्व्हकडेही पाहून घ्या. पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली 2 ते 2.5 सेंमी असायला हवी. फ्लोटच्या कडेला प्लास्टिकचा लांब स्क्रू असतो, त्याने ती वर-खाली होते. टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी, जिथे कनेक्शन पाइप जोडलेला असतो, तिथे छोटी जाळी असते. टँकरच्या पाण्यात ती रेतीने बुजते. डायफ्रॅमच्या (रबरी पडद्याच्या) प्रकारात वरची टोपी थोडी फिरवून काढली की रबराची पातळ चकती मिळते. तिला टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं. ते बुजलं तर व्हॉल्व्ह नीट बंदच होत नाही. नळाखाली धुवा, टाचणी खुपसून भोक मोठं करू नका.

आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या-हिरव्या गोळ्या बंद करा. क्लोरीनवाल्या गोळ्यांनी सीलचं रबर कडक होतं. शिवाय टाकीत क्लोरीनची गोळी आणि कमोडमध्ये ॲसिडवाला क्लीनर एकत्र आला तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद संडासात तो अंगाशी येतो.

आटे_सलामत

दोन्ही नळांचं मी सांगतो. दोघांची जात वेगळी आहे, इलाजही वेगळा.

बेसिनचा नळ. आधी एक पाहा: बंद केल्यावर मिनिटभर चार-सहा थेंब पडून थांबत असतील तर ती गळती नाही, तोटीच्या जाळीत अडकलेलं पाणी आहे. पाच मिनिटांनंतरही ठिबकत असेल तर पुढे वाचा. अर्ध्या फेऱ्याच्या नळात वायसर, म्हणजे पाणी अडवणारी रबरी चकती, नसतो. आत पितळी स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला भाग) असतं आणि त्यात सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. रेतीचा कण मध्ये आला की चकतीवर ओरखडा पडतो, किंवा मागची रबरी रिंग दबून चकत्यांवरचा दाब कमी होतो. म्हणून हा नळ जोरात आवळून काहीही उपयोग नसतो. त्याला आवळणं हा प्रकारच नाही, उलट आतला अडथळ्याचा दात मोडतो आणि मूठ गोल गोल फिरायला लागते.

बेसिनखालचा अँगल कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी काढा. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, तो बारीक स्क्रू नेमका तिथेच जातो. मुठीवरची लाल-निळी टिकली ब्लेडच्या टोकाने अलगद उचका. खाली स्क्रू असतो, कधी चौफुलीचा तर कधी ॲलन कीचा. मूठ सरळ वर ओढा. क्षाराने धरली असेल तर ठोकू नका, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा. मग वरचं गोल कव्हर हाताने फिरवून काढा. आता स्पिंडलचा षट्कोनी भाग दिसेल, तिथे पाना लावून उलटं फिरवा. पाइप पाना लावायचीच वेळ आली तर मध्ये जाड कापड घ्या, नाहीतर क्रोमवर दातांचे वळ कायमचे राहतील.

स्पिंडल घेताना तीन गोष्टी जुळवा: आटे, एकूण उंची आणि मूठ बसते त्या टोकावरच्या दातांची संख्या. दात 20 की 24 हे डोळ्यांनी कळत नाही, मूठ सोबत नेऊन दुकानातच बसवून पाहा. चौथी गोष्ट उघडण्याची दिशा. डावं-उजवं वेगळं मिळतं, चुकलं तर मूठ उलटी चालेल.

आता ज्या पायरीला बहुतेक जण विसरतात ती: नवं स्पिंडल बसवण्याआधी नळाच्या उघड्या तोंडावर मग उलटा धरा आणि अँगल कॉक दोन सेकंद किंचित सोडा. आत साठलेली रेती बाहेर येते. हे न केल्यास तीच रेती नव्या चकत्यांमध्ये जाते आणि नवा नळ आठवड्यात ठिबकतो. मग लोक स्पिंडलला दोष देतात. बसवताना पहिले दोन-तीन आटे नेहमी हातानेच धरवा. पितळावर पितळ तिरकं धरलं आणि पाना मारला की नळाचं अंगच बाद. रबराच्या रिंगांना वंगण द्यायचं तर सिलिकॉन ग्रीस, बोटाच्या टोकावर येईल तेवढंच. व्हॅसलिन किंवा खोबरेल नको, रबर फुगतं.

फेऱ्यांचा जुना नळ. याचा इलाज सर्वांत स्वस्त आहे, अर्ध्या इंची वायसर. पण दोन गळत्या ओळखा. नळ बंद असताना तोटीतून थेंब आला तर वायसर गेला. नळ सुरू असताना मुठीच्या बुडातून पाणी आलं तर वायसर नव्हे, ग्लँड (दांड्याभोवतीचं पाणी अडवणारं भरण) ढिली आहे. मुठीखालचा छोटा नट पाव फेरा आवळा, न भागल्यास नट काढून दांड्याभोवती टेफ्लॉन टेप पिळून दोरीसारखी भरा आणि पुन्हा आवळा.

वायसरसाठी पाणी बंद करून वरचा भाग, म्हणजे दांड्यासकट पितळी डोकं, पान्याने काढा. खाली वायसर असतो, कधी छोट्या नटने धरलेला, कधी नुसता बसवलेला. तुमचा फार जोर लावल्यावरही ठिबकतो म्हणजे वायसर पूर्ण चपटा झालाय, आणि बहुधा जोर लावून लावून आतली पितळी सीटही घासली आहे. टॉर्च मारून पाहा, बोट फिरवा. सीट गुळगुळीत असेल तर नवा वायसर पुरतो. खाच लागली तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाईल, तेव्हा अख्खा नळ बदलणं शहाणपणाचं.

चाळीतली_तोटी

अख्खा नळ बदलायचाच झाला तर एक उपाय सुचवतो: आट्यांच्या जोडावरून बाहेरून एम-सील लावा, गळती थांबते.

पाना_नंबर_बारा

@चाळीतली_तोटी, नाही, दाबाखालच्या जोडाला बाहेरून एम-सील हा उपाय नाही. पाणी आत आट्यांतून येत राहतं, ते बाहेर दिसायचं थांबतं आणि भिंतीत, टाइलच्या मागे जातं. महिन्याभराने खालच्या फ्लॅटच्या छतावर डाग दिसतो. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-सिंकच्या आतल्या गळतीची दुरुस्ती त्या त्या सभासदाच्या खर्चाने असते, तेव्हा तो डाग महागात पडतो.

नळ काढताना खरा धोका नळाचा नाही, भिंतीतल्या एल्बोचा (पाइपच्या वळणावरच्या जोडाचा) आहे. बारा वर्षांची इमारत म्हणजे आत बहुधा सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे पाइप, असतील. नळ आट्यांत घट्ट बसलेला असेल आणि तुम्ही पाना मारून झटका दिला तर एल्बो तडकतो, मग टाइल फोडण्याशिवाय मार्ग नाही. म्हणून सीट चांगली असेल तर नळ भिंतीतून काढूच नका, फक्त डोकं काढून वायसर बदला. काढायचाच असेल तर जोर हळूहळू वाढवा. हटतच नसेल तर थांबा, ही एक जागा प्लंबरची.

नवा बसवताना टेफ्लॉन टेप: आट्यांच्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, पहिला आटा मोकळा सोडून, ताणून. बाजारातली पातळ 12 मिमी टेप असेल तर 12 ते 15 वेढे. तीन-चार वेढ्यांत भागतं असं सांगणारे जाड टेपबद्दल बोलत असतात. नळ हाताने जाईल तेवढा फिरवा, मग पान्याने एक-दीड फेरा. तोंड खाली यायच्या आधीच घट्ट वाटू लागलं तर खाली येईपर्यंत सावकाश न्या. पुढे गेलं म्हणून मागे फिरवू नका. टेप आट्यांत दाबून बसलेली असते, मागे फिरवली की तिथे वाट उघडते. पूर्ण काढा, टेप खरवडून टाका, नव्याने गुंडाळा.

उलट कनेक्शन पाइपच्या नटला टेप लागत नाही. तिथे पाणी आतला रबरी वायसर अडवतो, आटे नव्हेत. हाताने घट्ट, मग पान्याने पाव फेरा. त्याहून आवळला की वायसर कापला जातो, आणि मग लोक टेपवर टेप चढवत बसतात.

वीज_आणि_पाणी

गीझरबद्दल, कारण इथे चुकीची दुरुस्ती जिवावर बेतते. गीझर सुरू असताना थेंब पडणं बहुतेकदा बिघाड नसतोच. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर गेलं की साधारण 200 मिलीने वाढतं. त्या व्हॉल्व्हमध्येच पाणी उलटं जाऊ न देणारी झडप असते, त्यामुळे वाढलेल्या पाण्याला मागे जाता येत नाही, दाब चढतो आणि व्हॉल्व्ह थेंब सोडून तो उतरवतो. ते त्याचं काम आहे.

कधी काळजी करायची? गीझर बंद करून पाणी पूर्ण थंड झाल्यावरही ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार आहे. एमसीबी (वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) बंद करा, पाणी थंड होऊ द्या, खाली बादली धरा आणि व्हॉल्व्हची छोटी दांडी दोन-तीन वेळा उचलून सोडा, कचरा धुऊन जातो. तरी थांबलं नाही तर व्हॉल्व्ह बदला. थेंबांऐवजी उकळतं पाणी किंवा वाफ येत असेल तर थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग) वीज तोडत नाहीये असं समजा. एमसीबी बंद, नळ उघडू नका, कंपनीचा माणूस बोलवा.

व्हॉल्व्हच्या तोंडात बूच, एम-सील किंवा टोपी कधीही लावू नका. थेंब अंगावर पडतात ही अडचण असेल तर तोंडाला पातळ नळी जोडून मोरीपर्यंत न्या, खालचं टोक मोकळं. आणि गीझरचा कुठलाही जोड उघडताना फक्त बटण नव्हे, एमसीबी बंद. गीझरच्या गरम बाजूला साधा पांढरा पीव्हीसी कनेक्शन पाइप दिसला तर तो आधी बदला, उष्णतेने मऊ पडून नटापासून सुटतो. तारेच्या विणीचा घ्या.

निळी_बादली

नीळ घातली, दहा मिनिटांत कमोड निळं! रिंग काढून दुकानात नेली. त्यांनी दोन दाखवल्या, काळं रबर आणि पांढरट सिलिकॉन. कुठली घ्यावी? गीझर थंड असताना ठिबकत नाही, म्हणजे तो विषय मिटला. दुसरी अडचण: टाकीचा अँगल कॉक पूर्ण बंदच होत नाही, बारीक पाणी येत राहतं.

डक्टवाला

सिलिकॉन, पण जाडी तंतोतंत जुळत असेल तरच. जाड रिंग लावली तर व्हॉल्व्ह पाव फेऱ्याच्या खाचेत नीट अडकत नाही, आणि पातळ असेल तर सीटवर टेकत नाही. कॅलिपर नसेल तर जुन्या रिंगचा न दबलेला, बाहेरच्या कडेचा भाग नवीशेजारी धरून पाहा. ठसा उमटलेल्या जागी जुळवू नका.

अँगल कॉक बंद होत नसेल तर पकडीने पिळू नका, मूठ हातात येते. टाकीच्या कामापुरतं सोपं आहे: टाकीच्या तोंडावर पट्टी किंवा लाटणं आडवं ठेवा आणि फ्लोट वर ओढून सुतळीने त्याला बांधा. फ्लोट वर असेपर्यंत भरणारा व्हॉल्व्ह बंद राहतो, तेवढ्यात सीलचं काम होतं. व्हॉल्व्हच खोलायचा असेल तर मात्र फ्लॅटचा मेन कॉक बंद करावा लागेल. तो बहुधा डक्टमध्ये किंवा गच्चीवर तुमच्या लाइनवर असतो. गच्चीवरचा बंद करण्याआधी खालच्या फ्लॅटना सांगा, एकच लाइन अनेकांना असते. बंद झाल्याची खात्री त्याच लाइनवरचा नळ उघडून करा, चाकाच्या फेऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

अँगल कॉकही अर्ध्या फेऱ्याचा असेल तर त्याचंही स्पिंडल बदलता येतं, पद्धत वर दिलेलीच. ते करताना मेन बंद असलाच पाहिजे.

आटे_सलामत

काम झाल्यावर प्रत्येक जोड कोरड्या फडक्याने पुसा, खाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा आणि रात्रभर सोडा. रात्री वापर थांबतो, टाकी भरलेली असते आणि दाब सर्वांत जास्त असतो. सहाव्या मजल्यावर गच्चीच्या टाकीपासून 7-8 मीटर उंची धरली तर दर चौरस सेंमीला 0.7-0.8 किलोचा दाब येईल, फार नाही. एवढ्या दाबाला कागद ओला झाला तर जोड पुन्हा करा, आवळून पाहू नका.

आणि सोसायटीची टाकी धुतली किंवा टँकर आला की त्या दिवशी आधी बाथरूमचा फेऱ्यांचा नळ पूर्ण उघडून दोन बादल्या पाणी सोडा, मगच बेसिनचा नळ वापरा. गाळ वायसरच्या नळातून निघून जातो, सिरॅमिकच्या चकत्यांत अडकतो. बेसिनच्या तोटीची जाळी त्याच दिवशी काढून धुवा. धार बारीक झाली की लोक स्पिंडल बदलतात, आणि कचरा असतो त्या जाळीत.